कमरेवरचा त्रिकोण

रविवार, ९ ऑक्टोबर १९५५

परक्या पुरुषाची उघडी पाठ आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. रेघ वाकडी गेली. पहिला कागद फुकट गेला.

डॉक्टर यशवंतराव शरीररचनेवर मराठीत पुस्तक लिहिताहेत — नर्सबाईंना आणि व्यायामशिक्षकांना कळेल असं. जन्मभर कॉलेजात हाच विषय इंग्रजीत शिकवला, आता निवृत्त होऊन चिंचवडला राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकल्याशिवाय काढत नाहीत म्हणे. तोवर समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्यासारखा दिसतो. म्हणून चित्रांना मी. शाळेत पोरींना फुलं-पानं काढायला शिकवते, एवढाच माझा अनुभव. तसं सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "इंदुताई, मला चित्रकार नकोय, डोळे हवेत."

पहिलं प्रकरण पाठीचं. पाठ चिमाजीची. तो स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करतो. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहताहेत, त्यांचं सिमेंट वॅगनीतून उतरवतो. मूळचा चाकणच्या पलीकडचा. सदरा काढून ओसरीच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला. एकदाही वळून बघितलं नाही. बरं झालं.

रविवार, १६ ऑक्टोबर

आज हात स्थिर. डॉक्टर खुर्चीत बसून डोळे मिटून सांगतात, मी चिमाजीच्या पाठीवर शोधते. सगळ्यात वरचा थर — डोक्याच्या मागच्या हाडापासून खांद्यांपर्यंत आणि तिथून खाली निमुळता होत पाठीच्या मध्यापर्यंत. दोन्ही बाजू मिळून पतंगासारखा आकार. चिमाजीनं खांदे उचलले की पतंग ताणला जातो. मग त्याच्या खालून कमरेपासून पंख्यासारखा पसरलेला दुसरा, तो वर जाऊन थेट काखेत शिरतो. ओझं ओढताना, झाडाला लोंबकळताना हाच राबतो. आणि मधोमध कण्याच्या दोन्ही अंगांना दोन जाड दोर — माणसाला उभा धरणारे.

डॉक्टरांना संस्कृत नावं नको आहेत. चिमाजीला विचारतात, याला तुम्ही काय म्हणता रे? खांद्यामागच्या चपट्या हाडाला तो फरा म्हणाला. डॉक्टरांनी लगेच लिहायला लावलं.

डॉक्टर त्याला अरे-तुरे करतात. मला जमत नाही. वयानं माझ्याएवढाच असेल.

सोमवार, १७ ऑक्टोबर

वर्गात पोरींना कमळ काढायला दिलं आणि फळ्यावर मी खांद्याची रेघ काढत बसले. पुसून टाकली.

रविवार, ३० ऑक्टोबर

आई म्हणाली, "हल्ली रविवारी न्हातेस तू. पूर्वी शनिवारी न्हायचीस." आणि तांदूळ निवडत राहिली.

चिमाजी फार बोलत नाही, पण आज बोलला. मालधक्क्यावर एक मुकादम आहे, तो पोत्यावर बसून हिशेब करतो आणि तेच पोतं उचलायचं असलं की उठत नाही — त्याची नक्कल केली, बसल्या जागी, नुसत्या खांद्यांनी. पाठ हसते हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

दिवाळीचं फराळाचं ताट डॉक्टरांकडे दिलं. त्यांना म्हटलं, चिमाजीकडे पण जाईल ना यातलं? ते म्हणाले, तुम्हीच द्या रविवारी. वेगळा डबा भरून ठेवलाय. आईनं बघितला.

रविवार, २० नोव्हेंबर

डबा दिला. त्यानं बायकोचं नाव घेतलं — रंभा. ती पिंपरीला बांधकामावर घमेली उचलते. "तिला लाडू लई आवडत्यात," म्हणाला. माझं तोंड कडू झालं. का व्हावं?

आज कमरेचा भाग. डॉक्टरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, की एकाच खांद्यावर ओझं घेणाऱ्यांची पाठ कधीकधी एका अंगाला जाते. चिमाजीची तशी असेल तर हे चित्र तालमीतल्या दुसऱ्या कुणावरून काढू. मग त्यांनी एक बारीक जागा समजावली. कमरेच्या हाडाच्या जरा वर, बाजूला, दोन मोठ्या स्नायूंच्या कडा एकमेकींना भिडता भिडता राहतात. मधे बोटभर त्रिकोण उरतो. सगळ्या पाठीत तिथे भिंत सगळ्यात पातळ.

डावीकडे लगेच सापडला. खळगा, त्यात सावली. उजवीकडे सापडेना. तिथे खळगा नव्हताच — भरून आल्यासारखं होतं, जरा वर उचललेलं. त्वचा तशीच, लाली नाही, काही नाही. मी जागा बदलून उजेडात बघितलं. तसंच.

"दोन्हीकडे सारखा दिसतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

दुसरा कुणी बसलेला मला नको होता. एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही. ओझ्यानंच आलं असेल ते, हमाल आहे. घरी येऊन डावी बाजू ट्रेसिंगच्या कागदावर उतरवली, कागद उलटा केला, उजवी तयार झाली. इतकी सारखी पाठ देवानं कुणाला दिली नसेल.

रविवार, ४ डिसेंबर

माझी पेन्सिल घरंगळत खाली गेली. चिमाजी ती उचलायला उठला. वाकला नाही — गुडघे दुमडून, काठीसारखा ताठ खाली बसला आणि तसाच उठला. हमालांची सवय असेल. ओझं उचलायची हीच रीत असेल.

रविवार, २५ डिसेंबर

आज खांबाला टेकून बसू का, म्हणून विचारलं त्यानं. टेकल्यावर पाठ कशी दिसणार! मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला. विचारलं, दुखतंय का? "उसण भरलीया, बाई. रंभा मिठाचा शेक देती. जाईल." बारीक झालाय. संध्याकाळी अंग मोडून येतं म्हणाला. थंडी आहे.

डॉक्टर आत प्रुफं ऐकत बसले होते, त्यांचा पुतण्या वाचून दाखवत होता. ओसरीवर आम्ही दोघंच. सदरा घालता घालता तो म्हणाला, "बाई, येक इचारू? आमची पाठ आमाला कुटं दिसतीया. तुमी येवढं बघताय. कशी हाय?"

"चांगली आहे," मी म्हणाले.

खूश होऊन गेला.

बुधवार, १८ जानेवारी १९५६

मुंबईत गोळीबार झाल्याच्या बातम्या. पुण्यातही गडबड. शाळा बंद. सगळे गंभीर चेहऱ्यानं चौकात उभे, आणि मला काळजी कसली — रविवार बुडतो की काय. लाज वाटली. तरी काळजी गेली नाही.

रविवार, २२ जानेवारी

बुडला.

रविवार, ५ फेब्रुवारी

आतल्या थरांची चित्रं डॉक्टरांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकावरून काढायची आहेत. खरं तर चिमाजीचं काम संपलं. मी डॉक्टरांना म्हटलं, खांद्याची रेघ अजून एकदा तपासायला हवी. खोटं.

आला. पायऱ्या चढताना एका पायाला ठेच लागल्यासारखं झालं. दोनदा. हसला आणि म्हणाला, पाय झोपलाय.

रविवार, १२ फेब्रुवारी

आला नाही. दुपारपर्यंत वाट बघितली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

कसं लिहू.

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, फाटकाशी एक बाई उभी आहे. रंभा. तिला मी पहिल्यांदाच बघितलं. ठेंगणी, काळीसावळी, कपाळाला सिमेंटची धूळ. शनिवारी चिमाजी पोतं घेऊन फळीवरून उतरताना पडला. पाय घसरला नाही, म्हणाली — पाय राहिलेच नाहीत. दोन दिवस उठता येत नाही. लघवीही अडलीय. तो एकच सांगत होता — डाक्टरसाहेबांकडच्या चित्रवाल्या बाईंना बोलाव.

मी डॉक्टरांना घेऊन टांग्यानं गेले. रुळांपलीकडची झोपडी. त्याला पालथा झोपवला. डॉक्टर जमिनीवर बसले आणि मानेपासून एकेक मणका बोटानं दाबत खाली आले. बरगड्या संपतात तिथे बोट थांबलं. तिथे एक मणका जरासा वर आलेला. दाबल्यावर चिमाजी कळवळला. मग त्यांचा हात उजव्या कमरेकडे गेला, त्या जागी आला, आणि तिथेच राहिला. तळवा ठेवून ते बराच वेळ बसले.

"इंदुताई," ते म्हणाले, "हा त्रिकोण भरलाय. तुम्हाला दिसला नव्हता?"

रंभा माझ्याकडे बघत होती. चिमाजीचं तोंड गोधडीत होतं.

"दिसला होता," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हात पुसले, ते उठले, दाराची चौकट चाचपत बाहेर आले.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ओळखीनं नदीपलीकडच्या क्षयाच्या इस्पितळात खाट मिळवली. त्याला मालट्रकच्या हौद्यात गवतावर निजवून नेलं.

परत येताना मी विचारलं. त्यांनी सांगितलं, वर्गात सांगत असतील तसं. मणक्याला क्षय. हाड आतून पोखरतं. पू स्नायूंच्या पडद्यांआडून खाली उतरतो आणि जिथे भिंत पातळ तिथे येऊन फुगतो. दुखत नाही, तापत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आणि वर मणका खचला की आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. पाय जातात.

"नोव्हेंबरातच कळलं असतं तर?"

"तर ओझं बंद केलं असतं, इंजेक्शनं सुरू केली असती. पाय गेले नसते." मग थोड्या वेळानं, "बहुधा."

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २६ फेब्रुवारी

इस्पितळात जाऊन आले. बाहेरच उभी राहिले. खिडकीतून दिसलं — छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरची खोळ, त्यात तो उताणा. हलायचं नाही, कित्येक महिने. पाठ आता कुणालाच दिसणार नाही.

शुक्रवार, १६ मार्च

छापखान्यातून पाठीच्या चित्राचा नमुना आला. सुरेख उतरलंय. डावी-उजवी अगदी एकसारखी.

डॉक्टरांना म्हटलं, हे काढून टाका. खोटं आहे. मी नव्यानं काढते, जसं होतं तसं.

ते म्हणाले, पुस्तकात हेच जायला हवं. विद्यार्थ्याला आधी निरोगी पाठ कळली पाहिजे. पुस्तकातली पाठ कुणाचीच नसते, इंदुताई.

मी म्हटलं, ही होती.

चित्र राहिलं. छापखान्यावाल्यांनी खाली माझं नाव घातलंय. ते तरी काढायला लावलं.

रविवार, १ एप्रिल

आज आत गेले. रंभा त्याचं तोंड पुसत होती. मला बघून बाजूला झाली, बाहेर गेली नाही.

किती दिवस घोकत होते — आधी हे सांगायचं, मग ते. काहीच आठवेना. मी म्हटलं, चिमाजी, मला ते दिसलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

तो छताकडे बघत होता. मग अगदी शांतपणे, भांडायला नाही, समजून घ्यायला बोलावं तसं बोलला.

"हाताला लागायचं मला बी. कमरंला करगोटा बांधताना. वाटायचं, कुनाला तरी दावावं. पर म्हनलं, डाक्टरसाहेब जवळ बसल्यालं असत्यात, बाई दर ऐतवारी बघत्यात. काय वंगाळ असतं तर बोलल्या असत्या. मी तुमाला इचारलं बी. तुमी म्हनला, चांगली हाय. मग म्या ओझं सोडलं न्हाई."

रंभा भिंतीला टेकून उभी.

"तुमी का न्हाई बोलला, बाई?"

खरं उत्तर रंभासमोर देण्यासारखं नव्हतं. तिच्या माघारीही देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, माझं चुकलं. त्यानं ते विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, का. दोन्हींत केवढं अंतर आहे ते त्यालाही कळलं असावं. त्यानं डोळे मिटले.

सोमवार, २ एप्रिल

शाळेत गेले नाही. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिनं सुंठ उगाळून लावली. कपाळावर हात तसाच ठेवून बसली आणि म्हणाली, लग्न झालेला माणूस ना गं तो? मी मान डोलावली.

रविवार, १५ एप्रिल

इस्पितळाच्या दारातच रंभा भेटली. माझ्या हातातली मोसंबी तिनं घेतली, तोंडानं बरं म्हणाली. मग पदर दाताखाली धरून जरा थांबली.

"बाई, आता येत जाऊ नगा. राग न्हाई. पर तुमी आलात की त्यास्नी पाठ फिरवावीशी वाटती. आन फिरवता येत न्हाई."

मी परत फिरले. बसस्टॉपपर्यंत चालत आले तेव्हा कळलं, छत्री तिथेच राहिली. आणायला गेले नाही.

गुरुवार, १० मे

रंभाला इस्पितळातच झाडलोटीचं काम लागलं. डॉक्टरांनी शब्द टाकला. रात्री वऱ्हांड्यात झोपायला मिळतं. मला डॉक्टरांकडूनच कळतं आता सगळं. पाय तसेच. तळव्याला टाचणी लावली तर कळत नाही.

रविवार, १७ जून

आज न्हाले नाही, बाहेर पडले नाही. रविवार कसे घालवायचे असतात ते विसरले आहे.

शनिवार, १४ जुलै

डॉक्टरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा. आज भेटायला गेले तर माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणाले, तुम्ही इतक्या तरुण आहात हे मला माहीत नव्हतं.

मग पुस्तक मागवलं. छापून आलंय. पाठीचं पान उघडून डोळ्यांजवळ धरलं. खांद्यापासून कमरेपर्यंत बोट फिरवलं — हळूहळू, त्या दिवशी झोपडीत फिरवलं होतं तसं. "काम सुंदर आहे," म्हणाले. पुस्तक मिटलं. मला चहा हवा का विचारलं.

चहा घेतला.

मंगळवार, ७ ऑगस्ट

मुख्याध्यापिका विचारत होत्या, दहावीच्या पोरींना आरोग्याच्या तासाला शरीराची आकृती फळ्यावर काढून द्याल का? पुस्तकात नसलं तरी गावात तुमचं आता नाव झालंय. नाही म्हणाले. कारण विचारलं त्यांनी. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण कधीच नसतं.

रविवार, २ सप्टेंबर

डॉक्टरांना एकट्याला बसचा प्रवास अजून झेपत नाही. इस्पितळापर्यंत सोबत गेले. आत नाही. बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसले. आतून एकदम रंभाचा आवाज आला — वाटलं, रडतेय. दोन सिस्टर धावत गेल्या. मी पदर मुठीत धरून बसून राहिले.

डॉक्टर बाहेर आले. चष्मा काढून पुसत होते, पुसतच राहिले. उजव्या पायाचा अंगठा हलवला त्यानं, म्हणाले. सांगितल्यावर हलवला. परत सांगितलं, परत हलवला. आता तो उभा राहील.

मी उठून दाराकडे निघाले.

"बसा, इंदुताई," ते म्हणाले.

आतून तो मोठमोठ्यानं हसत होता. मी बसले.